एलडीएच की अल्कलाइन फॉस्फेटेज?

काकांच्या लिम्फोमाच्या (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरच्या) फाइलमध्ये दर वेळी एलडीएच, शेजारच्या आजोबांच्या प्रोस्टेट कॅन्सरच्या फाइलमध्ये अल्कलाइन फॉस्फेटेज. दोन्ही रक्तात मोजली जाणारी एन्झाइम्स. 'यातली खरी तपासणी कोणती?' पुतण्याचा प्रश्न.

एलडीएच जवळपास प्रत्येक पेशीत असतं. पेशी फुटल्या की रक्तात उतरतं. म्हणून लिम्फोमा, वृषणाचा कॅन्सर, पसरलेला मेलानोमा (त्वचेचा एक कॅन्सर) यांत आजाराचा जोर किती, याचा अंदाज येतो. पण ते आलं कुठून, हे कळत नाही. रक्त घेताना नळीतच तांबड्या पेशी फुटल्या तरी आकडा चढतो. अशा वेळी धसका घेण्याआधी पुन्हा रक्त द्यावं.

अल्कलाइन फॉस्फेटेज मुख्यतः यकृतातून आणि हाडांतून येतं. वाढलं तर सोबत जीजीटी हे यकृताचं आणखी एक एन्झाइम बघतात: तेही वाढलेलं असलं तर संशय यकृतावर, नसलं तर बहुधा हाडांवर. गंमत म्हणजे हाडांतल्या कॅन्सरवर औषध लागू पडलं की हाड भरून येताना हा आकडा सुरुवातीला आणखी वाढू शकतो! वाढत्या मुलांत, गरोदरपणात तो जास्तच असतो.

खर्चाचा मुद्दा सोडा, दोन्ही साध्याच तपासण्या. लॅब मात्र बदलू नका, म्हणजे आधीच्या आकड्यांशी तुलना करता येते.

लिम्फोमावाल्या काकांना एलडीएच. हाडांत, यकृतात पसरण्याची धास्ती असलेल्या आजोबांना अल्कलाइन फॉस्फेटेज. निव्वळ निदानासाठी दोन्ही अपुऱ्या.