ईयोबाचा अभ्यासवर्ग, शरणपूर रोड, नाशिक : ४ स्टार, एक स्टार माईकचा कापला

चर्चच्या हॉलमध्ये शनिवारी संध्याकाळी असतो, फी नाही, दानपेटी आहे, कॅथलिक-प्रोटेस्टंट सगळे येतात, शेजारच्या हिंदू काकूपण येतात. विषय एकच, देव प्रेमळ आहे तर माणसाच्या वाट्याला हे सगळं का. मी गेले कारण मावशीच्या कॅन्सरमध्ये भेटायला येणारा प्रत्येक जण काहीतरी ज्ञान देऊन जायचा, "देव लाडक्यांचीच परीक्षा घेतो", "घरात प्रार्थना कमी पडली असेल", आणि मावशी बिचारी हो हो म्हणत सलाईनच्या बाटलीकडे बघत पडायची.

शिकवणारे रिटायर्ड पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू आहेत, घाई करत नाहीत. ईयोब म्हणजे बायबलमधला भला माणूस, काही चूक नसताना त्याची मुलं, संपत्ती, तब्येत सगळं जातं. ईयोबाचे तीन मित्र, अलीफज, बिल्दद, सोफर, आधी सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, आणि तेवढंच त्यांनी बरोबर केलं म्हणाले. एक आजी पटकन बोलल्या, "पाळकसाहेब, आमच्याकडं दुसऱ्याच दिवशी उपदेश सुरू होतो." सगळा हॉल हसला. नंतर मित्र तोंड उघडतात ते एकच धरून, तू काहीतरी पाप केलं असशील. आपल्याकडे मागच्या जन्मीचे भोग म्हणतात ना, तसंच, फक्त जन्म हाच. आणि ईयोबाच्या पुस्तकाच्या ४२व्या अध्यायात देव भडकतो तो मित्रांवर, भांडणारा ईयोब माझ्याविषयी बरोबर बोलला म्हणतो! आम्हाला संडेस्कूलमध्ये नुसती ईयोबाची सहनशीलता शिकवली, हे कुणी सांगितलंच नाही.

इच्छास्वातंत्र्याचा वर्ग मला कच्चा वाटला. देवाने माणसाला मोकळीक दिली म्हणून वाईट घडतं, ठीक आहे, पण याच शरणपूरच्या मिशनमध्ये गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं ठेवली होती, त्यातला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी लिव्हिंगस्टनच्या शवाबरोबर १८७४ ला इंग्लंडला गेला. मोकळीक पकडून विकणाऱ्याची आणि किंमत त्या पोराने मोजायची, हा कुठला हिशोब? हे मी विचारलं, मग मागून एकाने विचारलं की १९९३ चा किल्लारीचा भूकंप कुणाच्या इच्छास्वातंत्र्याने झाला. पाळकसाहेबांनी बायबलमधला लूकच्या शुभवर्तमानाचा १३वा अध्याय काढला, शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली, येशू म्हणतो ती इतरांपेक्षा जास्त पापी नव्हती. मग बुरूज का पडला, ते येशूने सांगितलं नाही आणि मलाही सांगता येत नाही, असं सरळ म्हणाले. मला हे आवडलं, भले उत्तर नाही मिळालं.

सगळ्यात भारी बायबलमधल्या स्तोत्रांचा वर्ग. बाकी बहुतेक रडगाण्याच्या स्तोत्रांत शेवटी कुठेतरी स्तुती येते, ८८वं मात्र अंधारातच संपतं. ते आमच्याकडून मोठ्याने वाचून घेतलं आणि वर "पण देव चांगला आहे हं" असं शेपूट लावलं नाही. देवाला तोंडावर बोललेलंही शास्त्रात प्रार्थना म्हणूनच ठेवलंय, हे मावशी असताना कळायला हवं होतं असं राहून राहून वाटलं.

बाकी माईक खरखरतो, मागे काही ऐकू येत नाही, झेरॉक्स नोट्सचा फॉन्ट मुंगीएवढा, सुरुवातीची गाणी फार लांबतात. गाडी लावायला जागा नाही, रिक्षाने जा. आणि घरात नुकतंच काही झालं असेल तर पहिले वर्ग सोडा, ते कॉलेजच्या लेक्चरसारखे आहेत, डायरेक्ट स्तोत्रांच्या वर्गाला जाऊन बसा, मधूनच आलात म्हणून कुणी काही विचारत नाही.