नव्या माशासाठी अ‍ॅक्रिलिकची पेटी : वर्षभर वापरून झाल्यावर

जुने मासे भांडखोर आणि नवा मासा भेदरलेला, एवढ्या एकाच दुखण्यावर ही पेटी आहे. त्या कामात तिला मी दहापैकी नऊ गुण देईन. दुकानदार मात्र ती ‘नवा मासा सुरक्षितपणे सोडण्यासाठी’ म्हणून गळ्यात मारतात, आणि घेणारा त्यात रोगराईपासूनचं संरक्षणही धरतो. तिथे गुण शून्य. त्यावर पुढे येतोच.

वस्तू साधी आहे. फूटभर लांबीचा पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा डबा, सगळीकडून भोकं, वर झाकण, एका बाजूला सरकतं दार. टाकीच्या आत काचेला लावून टांगायचा. पाणी टाकीचंच, भोकांतून खेळतं राहतं, त्यामुळे वेगळा फिल्टर किंवा हीटर लागत नाही. नवा मासा आत, जुने बाहेर. एकमेकांना बघतात, पण कुणी कुणाचे पर कुरतडू शकत नाही.

माझी टाकी खाऱ्या पाण्याची, तीनशे लिटरची. तीत एक लॉनमोअर ब्लेनी, एक थोराड ऑसेलारिस क्लाउनफिश आणि एक सिक्सलाइन रॅस. शेवटचं नाव वाचून जाणकारांनी कपाळाला हात लावला असेल. बोटाएवढा जीव, अंगावर सहा रेघा, पण दादागिरी नाक्यावरच्या भाईची. अशा टाकीत फायरफिशसारखा लाजाळू मासा थेट सोडला तर तो दगडाच्या कपारीत शिरतो आणि उपाशी मरतो, नाहीतर उडी मारून जमिनीवर पडतो.

फायरफिश पेटीत ठेवला तेव्हा रॅस सकाळभर अ‍ॅक्रिलिकवर धडका देत होता. आतला कोपऱ्यात, पाठीवरचा लांब पर झेंड्यासारखा वर-खाली करत. दोन-तीन दिवसांत रॅसचा उत्साह मावळला. पण दिवस मोजून दार उघडू नका, जेवण बघा. गोठवलेले मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव, माशांचं खाणं) एकाच वेळी आत आणि बाहेर टाकायचे. रॅस पेटीकडे ढुंकूनही न बघता बाहेरच्या खाण्यावर गेला, आणि फायरफिश कोपरा सोडून मधे येऊन खाऊ लागला, की दोघं तयार. मग रात्री दिवे मालवल्यावर दार सरकवायचं आणि तिथून उठायचं.

खरी कमाल क्लाउनची जोडी लावताना दिसली. क्लाउनफिश सगळे आधी नर असतात, जोडीतला मोठा आणि वरचढ मासा मादी होतो. म्हणून माझ्या थोराड मादीसाठी मुद्दाम अगदी लहान पिल्लू आणलं. मादी पेटीसमोर आली की ते पिल्लू एका कुशीवर कलून थरथर कापायचं. ही माशांची शरणागती. पेटी नसती तर ती दाखवायला त्याला उसंतच मिळाली नसती. हे थरथरणं रोज दिसू लागलं आणि मादीच्या धडका थांबल्या, तेव्हा दार उघडलं.

पेटीचा उलटा उपयोग कुणी सांगत नाही. नव्याऐवजी दादालाच आत टाका. रॅसला काही दिवस कोंडलं, तेवढ्यात दोन-चार दगड हलवले. बाहेर आला तेव्हा त्याची हद्द मोडलेली आणि नवे मासे आपापल्या जागी बसलेले. मात्र रात्री वाळूत शिरून झोपणाऱ्या रॅसच्या जाती असतील तर आत वाळूची वाटी ठेवावी लागते. दिवसभर येरझाऱ्या घालणाऱ्या टँग माशाला हा डबा अपुराच. आणि जिवंत कोपेपॉड, म्हणजे पाण्यातले अगदी बारीक जीव, टिपत फिरणारा मँडरिन मासा यात कुपोषित होईल.

आता ते शून्य गुण. पेटीतलं पाणी म्हणजे टाकीचंच पाणी. नव्या माशावर क्रिप्टोकॅरिऑन, म्हणजे मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके आणणारा परजीवी असेल, तर तो भोकांतून आरामात बाहेर येतो. मग सगळे मासे बाहेर काढून टाकी माशांविना ठेवायची. शौकीन मंडळींचा नियम ७६ दिवसांचा आहे. औषध म्हणून तांबं चालतं, पण त्याने कोळंबी आणि गोगलगायी मरतात, शिवाय दगड तांबं शोषून घेतात. म्हणजे मुख्य टाकीत ते घालता येत नाही. म्हणून आधी वेगळ्या, दगड-वाळू नसलेल्या टाकीत क्वारंटाइन, नंतर पेटी. क्लाउनफिशची पैदास आपल्याकडे सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) केव्हाच जमवली आहे, तरी ‘पैदास केलेला आहे, क्वारंटाइन कशाला’ हे ऐकू नका. दुकानात बहुतेक टाक्यांना पाणी एकच असतं.

क्षाराचंही तसंच. काही दुकानांत घनता १.०२० च्या खाली असते, आपल्या टाकीत १.०२५. हा फरक पेटीत भरून निघत नाही. क्वारंटाइन टाकीचं पाणी मासा ज्या पिशवीतून आला तिच्यातल्या पाण्याइतक्या घनतेचं करून ठेवा, मासा सोडा, मग काही दिवसांत हळूहळू चढवा. लांबून आलेली पिशवी उघडून तासभर थेंब थेंब पाणी घालत बसू नका. पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो. पिशवी उघडताच तो चढतो आणि तोवर निरुपद्रवी असलेला अमोनिया विषारी होतो.

तक्रारी म्हणाल तर पेटी काचेला चिकटवायला सोबत आलेले रबरी कप पहिल्याच महिन्यात सुटू लागले. चुंबक लावले ते टिकले, पण त्यांचं प्लास्टिकचं आवरण तडकलं तर गंज पाण्यात उतरेल, म्हणून ते अधूनमधून तपासावे लागतात. भिंतींवर शेवाळ धरतं, आणि घासणीने घासलं की अ‍ॅक्रिलिकवर ओरखडे पडतात. मऊ फडकं आणि व्हिनेगर बरं. तळाच्या कोपऱ्यात उरलेलं खाणं कुजतं, ते रोज पिपेटने ओढून काढा. झाकणाला कडी नाही, ही फायरफिशवाल्यांसाठी गंभीर उणीव आहे.

दुसरी पेटी मी ओळखीच्या अ‍ॅक्रिलिकवाल्याकडून करून घेतोय, निम्म्या खर्चात. त्याला सांगितलंय : भोकं ५ मिलिमीटरची, कडा आतून घासून गुळगुळीत, झाकणाला खटका, आणि मधे काढता-घालता येणारी एक फळी, म्हणजे दोन मासे शेजारी शेजारी ठेवता येतील.