नाताळची भेट: कुकरमधला केक की संत्र्याचा मुरंबा?

विदर्भातल्या संत्र्यांच्या पट्ट्यातल्या, वरुडकडच्या एका ताईंना नाताळच्या भेटीसाठी केक करावा की संत्र्याचा मुरंबा, हे ठरत नव्हते. खर्चात मुरंबा सरस, कारण आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या सुमारास तोडणीला येणारी, संत्री घरचीच असतात. केकला लोणी, अंडी, सुकामेवा आणावा लागतो. मेहनत मात्र मुरंब्याला जास्त: सालीखालचा पांढरा थर नीट खरवडला नाही तर कडवटपणा राहतोच, बिया पुरचुंडीत बांधून शिजवल्या की त्यांतल्या पेक्टिनमुळे पाक दाट होतो, आणि थंड ताटलीवरच्या थेंबाला बोटाने ढकलल्यावर सुरकुती पडेपर्यंत पाक ढवळत राहावा लागतो. हे कष्ट मला मनापासून मोलाचे वाटतात. केक शिटी व रिंग काढलेल्या कुकरमध्ये सुमारे 40 मिनिटांत होतो, पण लवकर संपवावा लागतो. मुरंबा कोरड्या बरणीत महिनोन्महिने टिकतो. म्हणून शेजारच्या लेकराबाळांसाठी केक करावा, पुण्या-मुंबईच्या नातलगांना मुरंबा पाठवावा.