पोटाची चरबी गुडघ्यात: अकरा महिन्यांनंतर

गुडघ्याच्या झिजेवर माझ्याच पोटाच्या चरबीतल्या पेशींचं इंजेक्शन घेतलं, त्याचा हा अभिप्राय. आधी पट्ट्याबद्दल. चरबी काढल्यावर पोटाला घट्ट पट्टा बांधतात आणि तो तीन आठवडे दिवसरात्र काढायचा नसतो, हे मला टेबलावरून उतरल्यावर कळलं. गुडघ्याबद्दल चार वेळा समजावून सांगितलं, पोटाबद्दल अवाक्षर नाही. गुडघ्यातलं इंजेक्शन दोन मिनिटांत आटोपलं. पोट मात्र आधी काळंनिळं, मग हिरवं, मग पिवळं. शिंक आली की उशी पोटाशी धरायची. बेंबीखाली बोराएवढी एक गाठ आजही हाताला लागते.

प्रक्रिया थोडक्यात अशी: चरबी एन्झाइमने विरघळवून, यंत्रात गरगर फिरवून तळाशी बसलेला गाळ सांध्यात सोडतात. त्या गाळात मूळ पेशी (स्टेम सेल) थोड्याच, बाकी बराचसा रक्ताचा आणि रक्तवाहिन्यांचा ऐवज. माझ्या गुडघ्याची झीज तिसऱ्या ग्रेडची; चौथी सगळ्यात वाईट.

तिसऱ्या महिन्यात कठडा न धरता जिना उतरलो. वोमॅकचा, म्हणजे दुखणं, आखडणं आणि हालचाल मोजणारा चोवीस प्रश्नांचा फॉर्म भरताना स्वतःचेच आकडे खरे वाटेनात. दोघांना तर मीच गळ घातली, तुम्हीही करून घ्या म्हणून.

इथपर्यंतचं चौथ्या महिन्यात लिहून ठेवलं होतं. पाच ताऱ्यांतून पट्ट्याचा एक कापून चार देणार होतो.

सातव्या महिन्यात जिना उतरताना तीच जुनी कळ आली. एक्स-रेत सांध्यातल्या हाडांमधली फट होती तेवढीच. दवाखान्यात फोन केला तर उत्तर तयार: दुसरा डोस घ्या. म्हणजे पुन्हा पोट, पुन्हा पट्टा, पुन्हा पूर्ण बिल. तिसऱ्या महिन्याच्या फॉर्मसाठी दोनदा आठवण करणाऱ्यांनी नवव्या महिन्यात एकदाही विचारलं नाही. कसं विचारतील?

मग जे आधी वाचायला हवं होतं ते वाचलं. २०२३ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये आलेली ४७५ रुग्णांची चाचणी: अस्थिमज्जा, चरबी किंवा नाळेतल्या पेशी एकीकडे, साधं स्टेरॉइडचं इंजेक्शन दुसरीकडे. वर्षाअखेर दुखणं सगळ्याच गटांत कमी, पण पेशी स्टेरॉइडपेक्षा सरस ठरल्या नाहीत. एमआरआयमध्येही फरक नाही. म्हणजे माझा आराम खोटा नव्हता, फक्त महाग होता. स्टेरॉइडही निर्दोष नाही म्हणा. दर तीन महिन्यांनी दोन वर्षं टोचत राहिलं तर कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, जास्त झिजते, हे २०१७ च्या एका चाचणीत दिसलंय.

फिजिओथेरपिस्टचं म्हणणं वेगळंच. तिच्या मते मांडीचे व्यायाम मी आयुष्यात पहिल्यांदा नेमाने केले ते या इंजेक्शननंतर, एवढे पैसे घातलेत म्हणून. सातव्या महिन्याच्या आधी ते सुटले होते, हे तिला मीच सांगितलं होतं. आता पुन्हा सुरू केलेत आणि कळ पुन्हा कमी आहे.

म्हणून दोन तारे, त्यातला एक तिचा. दुसरा डोस घेणार नाही. पट्टा धुऊन ठेवलाय, मोठ्या मापाचा आहे, कुणाला लागला तर फुकट देईन.