थारची दारं गेली, ५६,२०० रुपये गेले, वर अक्कल शिकवणारे वेगळेच

"साहेब, शंभर टक्के रोड लीगल, आरसीवर चढवून देतो." ट्यूब डोअर, म्हणजे गाडीची मूळ दारं काढून तिथे लावायची पाइपाची दारं, विकणारा हे म्हणाला की तिथून सरळ उठा.

हिशोब मांडतो. पाइपाची दारं ३८,०००. आरसे आणि फिटिंग ४,२००. 'आरसी एंट्री' ९,५००. माझी मूळ दारं गोडाऊनला ठेवायचं तीन महिन्यांचं आगाऊ भाडं ४,५००. एकूण ५६,२००. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये काचेसकट दारं ठेवणार कुठे? म्हणून दिली. तुम्हीही दिली असती.

आणि मी काही जगावेगळं करत नव्हतो. काकांच्या महिंद्रा ५४० जीपला कापडी दारं होती, कोणी अडवलं नाही. जीप रँग्लरची दारं तर कंपनीच काढता येतील अशी बनवते. पण ती गाडी मंजूरच तशी झालेली असते, थार नाही, हे मला चांदणी चौकात अडवल्यावर हवालदाराने ऐकवलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही. विकणाऱ्याचं नाव आरसीवर नसतं, तुमचं असतं.

काउंटरवर 'एआरएआय'चं, म्हणजे गाड्या तपासून प्रमाणित करणाऱ्या संस्थेचं, लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट होतं. ही संस्था आपल्या वेताळ टेकडीवर, पुणेकर माणूस नाव वाचूनच निम्मा गार होतो. कागद बनावट निघाला.

पण डोकं फिरतं ते दुसऱ्याच गोष्टीने. आरसी एंट्रीचे ९,५०० घेताना त्याने आरसी मागितलीच नाही. झेरॉक्ससुद्धा नाही! गाडी तपासणीला न्यायची, अर्जावर सही करायची, काही नाही. क्यूआर कोडवर नाव भलत्याच बाईचं आलं, "मिसेसचं खातं आहे" म्हणाला. तेवढ्यात पोरं माझी दारं गोधडीत गुंडाळून टेम्पोत चढवत होती, मी ती नीट ठेवतात का हे बघत होतो. इतकी काळजी घेणारी माणसं चोर असतील असं कोणाला वाटेल? एमपरिवहन ॲपवर आरसी बघत राहिलो, एंट्री आलीच नाही.

हवालदार म्हणाला मूळ दारं लावून दाखवा. दुकानाला कुलूप, फोन बंद, गोडाऊन मुळात त्याचं नव्हतंच.

चौकीत पहिला प्रश्न, "दारं काढलीच कशाला?" मग, "दुकान आमच्या हद्दीत, गोडाऊन नाही." दुसऱ्या चौकीत नेमकं उलटं. तिसऱ्याने सांगितलं, दिवाणी मामला आहे, वकील बघा. अहो, सांभाळायला दिलेली वस्तू विकून खाल्ली, हा न्यासभंग आहे, न्याय संहितेचं कलम ३१६! नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द न बघता गुन्हा नोंदवायचा असतो. हे मी त्यांना सांगायचं? साहेब चहा पीत म्हणाले, "फार वाचन दिसतंय तुमचं." तक्रार अर्जावर पोचही दिली नाही. पोच घेतल्याशिवाय उठू नका, मी उठलो.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, मी चौक्या फिरत बसलो. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. बिल मात्र जपा. माझ्या बिलावर तळाला बारीक अक्षरात 'फक्त ऑफ-रोड वापरासाठी' छापलंय, ते घरी आल्यावर दिसलं. मूळ सुटे भाग कोणाकडेही ठेवू नका, गावी न्या, पलंगाखाली घाला.

नवी दारं काच, मोटर, लॉक, रंगासकट १,१२,४०० सांगतायत. जुन्या बाजारात कोणाला लाल थारची जोडी दिसली, डाव्या दाराच्या आतून पोरीने चिकटवलेला निळा हत्ती असेल, तर विकत घेऊ नका, मला कळवा.