सातबारा कोरा होता, शेतात बाई होत्या

खडकवासल्याच्या पुढे, हवेली तालुक्यातच, मी आणि माझे साडू, आम्ही मिळून एक एकर घेतलं. दोघांचीही वाईकडे थोडीथोडी वडिलार्जित जमीन, त्यामुळे शेतकरी दाखल्याची अडचण नव्हती. सातबारा कोरा. इतर हक्कांच्या रकान्यात ना बँक, ना कूळ. वकिलांनी 30 वर्षांचा सर्च काढला, पेपरात नोटीस दिली, हरकत आली नाही. जानेवारी 2021 मध्ये खरेदीखत झालं, फेरफार मंजूर होऊन नावंही लागली.

जमीन बघायला गेलो तो दिवस मात्र नीट सांगतो, कारण सगळा दावा आता तिथेच येऊन अडकलाय. पावट्याचा हंगाम होता. साठीच्या एक बाई शेंगा तोडत होत्या. विकणाऱ्या दोघा भावांतला थोरला आमच्याबरोबर होता. त्याला विचारलं, या कोण? "आमच्यातलीच आहे, भाजीपाला करते. व्यवहार झाला की उठेल." तो पुढे जाऊन तिच्याशी काहीतरी बोलला. बाईंनी कळशीतलं पाणी दिलं, पिशवीभर शेंगा दिल्या. साडूंनी पैसे पुढे केले, ते घेतले नाहीत.

ती त्याची सख्खी बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आलेली, दहा-बारा वर्षं तेच एकर कसणारी. वडील 2009 साली वारले, तेव्हा भावांनी वारस नोंदीच्या प्रतिज्ञापत्रात दोन मुलगेच दाखवले. सर्चमध्ये हे येणार कुठून? तिथे नोंदणी झालेले दस्त दिसतात. पेपर तर त्या बाई वाचतच नाहीत. आणि सातबारा हा महसुलाचा कागद, मालकी त्यावर ठरत नाही, हे आम्हाला समन्स आल्यावर कळलं.

बाईंनी लावलेल्या वाटपाच्या दाव्यात भावांचं म्हणणं, बहिणीनं तोंडी हक्क सोडला, लग्नात खर्च केला होता. तोंडी हक्कसोडीला कोर्टात कोण विचारतो! हक्कसोडपत्र नोंदवलेलंच लागतं. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनं मुलगी जन्मानंच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीची हक्कदार झाली, ऑगस्ट 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. आमचं खरेदीखत त्यानंतर पाच महिन्यांनी.

आम्हाला वाटायचं, आपण पैसे मोजून, सद्हेतूनं घेतलंय, कायदा सांभाळून घेईल. वकिलांनी मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 पुढ्यात ठेवला. कलम 41 संरक्षण देतं, पण समोरचा माणूस खऱ्या मालकाच्या संमतीनं मालक म्हणून वावरत असेल आणि आपण वाजवी चौकशी केली असेल तर. बाईंनी संमती कधी दिली? शिवाय कलम 3 नुसार, प्रत्यक्ष कब्जा ज्याचा, त्याच्या हक्काची माहिती घेणाऱ्याला होती असंच धरतात. आम्ही तर कब्जेदाराच्या हातचं पाणी पिऊन आलो होतो.

आता एकच आशा: वाटपात आमचं एकर भावांच्या हिश्श्यात टाकावं, अशी विनंती कोर्टाला करता येते. पण त्यांनी बाकीची बरीच जमीन आधीच विकलीय. थोरल्याचा फोन लागत नाही. चौकीत गेलो तर "हे दिवाणी आहे" म्हणाले.

तुम्ही घेणार असाल तर नुसता चालू सातबारा बघू नका. वारसाचा फेरफार आणि त्यामागचं प्रतिज्ञापत्र, दोन्हींच्या नकला काढा. विकणाऱ्याला वगळून गावात पारावर जाऊन बसा, चहा पाजा, यांना बहिणी किती ते विचारा. असतील तर त्यांच्या सह्या खरेदीखतावर घ्या. आणि शेतात जो राबताना दिसेल त्याच्याशी एकट्यानं बोला.

मागच्या तारखेला शिवाजीनगर कोर्टाच्या जिन्यात बाई भेटल्या. साडूंना राहवलं नाही. "मावशी, त्या दिवशीच बोलायचं होतं ना!"

"मला काय म्हाईत तुमी कोण? दादा म्हनला, पाटबंधाऱ्याचं सायब आल्यात, पानी दे."