परस्परविरोधी वाटणाऱ्या हदिसी आणि आठ रविवार : सारडा सर्कलजवळच्या मराठी वर्गाविषयी

आमच्या घरी माठाजवळ उभ्याने पाणी पिणाऱ्या मुलांना सासूबाईंनी हटकले नाही, असा दिवस जात नाही. उभ्याने पिण्यास मनाई करणारी हदीस, म्हणजे पैगंबरांच्या (स.) वचन-कृतींची नोंद, त्या सांगतात. गेल्या उन्हाळ्यात पुतण्याने त्यांना मोबाइलवर दुसरी रिवायत, म्हणजे हदिसीचे कथन, दाखवली : पैगंबर (स.) मक्केतल्या जमजम विहिरीचे पाणी उभ्याने प्यायले, असे त्यांचे चुलतभाऊ हजरत इब्न अब्बास सांगतात. सासूबाई गप्प झाल्या, पण त्यांचे मन दुखावले. मलाही मध्ये पडून काही सांगता आले नाही, कारण मनाई आणि जमजमची ही हदीस या दोन्ही गोष्टी सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात लागोपाठच्या प्रकरणांत आहेत. या एका प्रश्नासाठी मी नाशिकच्या सारडा सर्कलजवळच्या एका अभ्यासिकेत रविवारी सकाळी चालणाऱ्या आठ आठवड्यांच्या वर्गात नाव घातले. विषय होता मुख्तलिफुल हदीस, म्हणजे वरवर एकमेकींविरुद्ध दिसणाऱ्या हदिसींचा मेळ घालण्याचे शास्त्र. माझे शिक्षण मराठी शाळेत झाले असून उर्दू वाचताना मी अडखळते, त्यामुळे हा विषय मराठीतून शिकवला जातो ही माझ्यासाठी मोठीच सोय होती.

या वर्गाची खरी कमाई म्हणजे शिकवणाऱ्या मौलानांची पद्धत. पहिल्याच दिवशी त्यांनी वहीत चार रकाने आखायला लावले : कोणी सांगितले, केव्हा, कुठे आणि कोणाला. दोन्ही रिवायती पूर्ण वाचून रकाने भरल्याशिवाय मत मांडायचे नाही, असा दंडक होता आणि तो त्यांनी शेवटपर्यंत पाळला. कोणी घाईने बोलू लागले, तर ते शांतपणे म्हणत, “आपा, आधी तिसरा रकाना भरा.” किब्ल्याच्या, म्हणजे काब्याच्या दिशेच्या, हदिसींवर या पद्धतीचा उपयोग स्पष्ट दिसला. हजरत अबू अय्यूब यांच्या रिवायतीत शौचाला बसताना किब्ल्याकडे तोंड किंवा पाठ करू नये, असे सांगितले आहे, तर हजरत इब्न उमर हे हजरत हफ्सा यांच्या घराच्या छतावर चढले असता त्यांना पैगंबर (स.) शामकडे (सीरियाच्या दिशेला) तोंड आणि काब्याकडे पाठ करून बसलेले दिसले. ‘कुठे’ हा रकाना भरल्यावर अनेक विद्वानांनी काढलेला मार्ग आम्हाला आपोआप सुचला, तो असा की मनाई उघड्या मैदानासाठी आहे आणि भिंतींच्या आड सवलत आहे.

माझ्या पाण्याच्या प्रश्नाचे उत्तरही तिथेच मिळाले. बहुसंख्य विद्वान ही मनाई अदबीची मानतात, हरामची नव्हे; जमजमजवळच्या कृतीने उभ्याने पिणे जायज असल्याचे कळते आणि बसून पिणे अधिक चांगले ठरते. त्या दिवशी घरी येऊन मी हे सासूबाईंना सांगितले, तेव्हा त्यांनी लगेच विचारले, “जमजमपाशी तेव्हा गर्दी असेल ना?” काही भाष्यकारांनी हाच खुलासा केला आहे, हे मला पुढच्या रविवारी समजले.

सर्वांत रंगलेला तास संसर्गाच्या हदिसीवर झाला. सहीह बुखारी या हदीससंग्रहातील एकाच रिवायतीत ‘संसर्ग नाही’ असे म्हटले आहे आणि पुढे महारोग्यापासून सिंहापासून पळावे तसे पळा, असेही म्हटले आहे. करोनाच्या दिवसांत या हदिसीचा अर्धाच भाग मोबाइलवर फिरत होता आणि तो वाचून मी स्वतः गोंधळले होते, म्हणून हा तास मला जवळचा वाटला. हदीसचे विद्वान इब्न सलाह (मृत्यू इ.स. 1245) यांनी आपल्या ग्रंथात या विद्येला हदीसशास्त्राचा छत्तिसावा प्रकार म्हणून जागा दिली आणि याच हदिसीचा मेळ असा घातला : रोग स्वतःच्या सामर्थ्याने लागत नाही, मात्र अल्लाहने आजारी आणि निरोगी यांच्या मिसळण्याला त्याचे कारण केले आहे. नंतरचे हदीस-विद्वान इब्न हजर (मृत्यू इ.स. 1449) यांचा खुलासा वेगळा आहे. त्यांच्या मते नकार सर्वस्वी कायम राहतो आणि दूर राहण्याचा आदेश अशासाठी आहे की, योगायोगाने आजार झाला तर माणसाच्या मनात चुकीची समजूत घर करू नये. मला स्वतःला इब्न सलाह यांचे म्हणणे अधिक पटते, कारण आजारी उंट निरोगी उंटांकडे नेऊ नयेत ही हदीसही त्यात सहज सामावते.

कालक्रमाने सुटणाऱ्या हदिसी थोडक्यात झाल्या आणि ते योग्यच होते. कबरींना भेट देण्याची आधीची मनाई आणि नंतरची परवानगी एकाच हदिसीत येते, त्यामुळे तिथे वादाला जागा नाही. रोजात (उपवासात) उपचारासाठी रक्त काढण्याच्या प्रश्नावर मात्र इमाम शाफई (मृत्यू इ.स. 820) यांचा हिशोब सविस्तर समजावला : त्याने रोजा तुटल्याची हदीस मक्काविजयाच्या, म्हणजे हिजरी 8 च्या सुमाराची, आणि पैगंबरांनी (स.) रोजात रक्त काढवल्याचे सांगणारे इब्न अब्बास इहराममध्ये, म्हणजे हज-उमऱ्याच्या नियमबद्ध अवस्थेत, त्यांच्यासोबत होते ते हिजरी 10 मध्ये, म्हणून पहिला हुकूम मागे पडला. इमाम अहमद यांनी पहिलीच हदीस धरली, हेही मौलानांनी प्रामाणिकपणे सांगितले.

माझी मुख्य तक्रार सातव्या रविवारविषयी आहे. त्या दिवशीचा प्रश्न होता, इहराममध्ये निकाह करता येतो का. पैगंबरांच्या (स.) पत्नी हजरत मैमूना यांचा निकाह इहराममध्ये झाला, असे त्यांचे भाचे इब्न अब्बास सांगतात. स्वतः मैमूना आणि निकाहातले मध्यस्थ अबू राफे सांगतात की तेव्हा इहराम नव्हता. जिच्या आयुष्यातली घटना तिचा शब्द वजनदार, इब्न अब्बास तेव्हा दहा वर्षांच्या आसपासचे, असा निकाल पंधरा मिनिटांत देण्यात आला. वर्गात इमाम शाफईंचा पंथ पाळणाऱ्या कोकणी घरांतल्या काही जणी होत्या, त्यांना हे सवयीचे होते. पण आम्ही बहुतेक जणी हनफी पंथाच्या घरांतल्या, आणि हनफी फिकहने (धर्मकायद्याने) इब्न अब्बास यांचीच रिवायत उचलली आहे. हनफी विद्वान इमाम तहावी (मृत्यू इ.स. 933) यांनी त्या बाजूने तपशिलात युक्तिवाद केला आहे, त्याचा उल्लेखही झाला नाही. आधी मेळ, मग नस्ख (नंतरच्या हुकुमाने आधीचा रद्द होणे), मग तरजीह (एका रिवायतीला अधिक वजन देणे) आणि शेवटी थांबणे (निकाल न देणे) हा क्रम फळ्यावर लिहिला होता, परंतु हनफी उसूलमध्ये (फिकहच्या मूलतत्त्वांत) नस्ख आणि तरजीहचा विचार साधारणपणे मेळाच्या आधी येतो, हे एका वाक्यात उरकले गेले.

बाकी उणिवा लहान आहेत. झेरॉक्सच्या पानांवर अरबीतले जेर-जबर (स्वरचिन्हे) पुसट होते आणि सहीह मुस्लिमचे क्रमांक वेगवेगळ्या आवृत्त्यांतून घेतल्यामुळे हदीस शोधताना दमछाक झाली. बायकांची बसण्याची जागा मागे असल्याने पंख्याच्या आवाजात शेवटच्या ओळीपर्यंत शब्द पोहोचत नव्हते. पाचव्या रविवारपासून माइक आला. जिना उंच आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी ते ध्यानात घ्यावे.

पुढच्या वर्गाला मी जाऊबाईंना पाठवणार आहे. संचालकांना मी लेखी विनंती केली आहे की नववा रविवार वाढवावा, त्या दिवशी फक्त मैमूना यांच्या निकाहाच्या रिवायती घ्याव्यात आणि तहावींची पाने आधीच्या आठवड्यात वाटावीत.